इर्जिक
इर्जिक : शेतकऱ्यांनी मजुरी न घेता एकमेकांच्या शेतात आळीपाळीने केलेले काम. काही भागांत यालाच ‘सावड’ म्हणतात. भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात लावणीला हिचा मोठा आधार असे. चिखलणी झालेल्या खाचरात ओळीने वाकून माणसे रोपांच्या मुठी सोडवीत, चार-चार काड्या चिखलात रोवीत. दुपारचे जेवण शेतमालकाकडे असे. आज गेलेला दिवस उद्या आपल्या खाचरात परत येई.

पुढे या भागाजवळच्या पुणे-सातारा महामार्गालगत खेड शिवापूर, शिरवळ येथे कारखाने आले. पाळीत काम करणाऱ्या तरुणाला शेजाऱ्याचा दिवस फेडणे अवघड झाले. पॉवर टिलरने माणसांची गरजही घटवली.

‘पोरं आपमतलबी झाली, अंग मोडून काम नको’ ही वडीलधाऱ्यांची तक्रार या बदलातून येते. ती पूर्ण न्याय्य नाही. रात्रपाळी करून सकाळी खाचरात उतरणारा तरुणही कष्टाळूच आहे. कष्ट उरले; परतफेडीचा धागा मात्र तुटला, आणि तो पुन्हा जोडायला हवा.