१९५५ चा शर्यतींचा हंगाम

स्पोर्ट्स मोटारींची जागतिक अजिंक्यपद मालिका १९५३ साली सुरू झाली. तिचा तिसरा हंगाम वैभवाने आरंभला. १ मे रोजी इटलीतील 'मिले मिग्लिया' शर्यतीत सुरत-मुंबई अंतराच्या सुमारे सहापट रस्ता स्टर्लिंग मॉस याने मर्सिडीझमधून १० तास ७ मिनिटांत कापला. शेजारी बसलेला पत्रकार डेनिस जेन्किन्सन कागदाच्या गुंडाळीवरील टिपणे पाहून हातांच्या खुणांनी पुढचे वळण सांगत होता. सारथ्य खरोखर दोघांचे होते.

सहा आठवड्यांतच, ११ जूनला, फ्रान्समधील ल मान्स येथे अनर्थ घडला. पिएर लव्हेग याची मर्सिडीझ पुढील मोटारीवर आदळून उधळली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लव्हेग व ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. शर्यत मात्र चालूच राहिली. लाखोंचा जमाव एकदम बाहेर पडला असता तर रुग्णवाहिकांची वाट अडली असती, अशी आयोजकांची भूमिका होती. ती निर्दय वाटते; पण ज्याने कधी जत्रेचा बंदोबस्त पाहिला आहे, त्याला ती सहज झिडकारता येणार नाही. मर्सिडीझने आघाडीवर असतानाही मध्यरात्रीनंतर आपल्या मोटारी मागे घेतल्या.

खटकते ते पुढचे. सप्टेंबरमध्ये उत्तर आयर्लंडमधील डनड्रॉड येथे तीन चालक दगावले. ती शर्यत मर्सिडीझनेच जिंकली. ऑक्टोबरमध्ये सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ जिंकून तिने फेरारीला मागे टाकले, अजिंक्यपद पदरात पाडून घेतले आणि मगच शर्यतींचा निरोप घेतला.