आक्राचे पाहुणे : घानातील काळे अमेरिकन, १९५७ ते १९६६

अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्या चळवळीला परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले, काळ्यांनी राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि डुबॉइसनी आपुलकीने उत्तर पाठवले. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी 'ब्लॅक पँथर'वरून आपल्या संघटनेचे नाव घेतले. हार्लेम, माँटगोमेरी, ओकलंड ही नावे आपल्याकडचा कार्यकर्ता जाणतो. पण ज्या डुबॉइसना बाबासाहेबांनी पत्र धाडले, ते मेले अमेरिकेच्या बाहेर, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आक्रा शहरात, घानाचे नागरिक म्हणून. अमेरिका सोडून तिथे राहायला गेलेल्या माणसांची हकीकत आपल्याकडे फारशी कुणी सांगितलेली नाही.

ती सांगण्याचे कारण आहे. सोडून जाणे हा आपलाही प्रश्न आहे. गाव सोडा, शहर गाठा, हे बाबासाहेबांनी सांगितले. १९४२ च्या नागपूर परिषदेत तर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. जिथे माणूस म्हणून जगू देत नाहीत तिथून उठावे आणि आपल्या माणसांत जाऊन राहावे. पण 'आपली माणसे' कोण, हे कसे ठरायचे?

आक्रा हे अटलांटिकच्या लाटा झेलणारे शहर. जवळच टेमा येथे १९६२ साली खोल बंदर सुरू होईपर्यंत जहाजे दूर समुद्रात नांगरत आणि माल-माणसे होड्यांतून किनाऱ्याला आणत. त्याच किनाऱ्यावर ओसू भागात ख्रिश्चनबोर्ग नावाचा पांढरा किल्ला आहे. सतराव्या शतकात डेन्मार्कच्या लोकांनी तो बांधला आणि त्याच्या तळघरांत गुलाम कोंडले. पुढे ब्रिटिश गव्हर्नर तिथे राहिला. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला आणि पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांचे सरकार त्याच किल्ल्यात बसले. ज्या दारातून पूर्वजांना जहाजावर चढवले, त्याच दारात आता काळा पंतप्रधान. ही गोष्ट अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या काळजाला कशी भिडली असेल, हे दलित वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वातंत्र्याच्या सोहळ्याला मार्टिन ल्यूथर किंग गेले. डुबॉइस जाऊ शकले नाहीत, कारण अमेरिकन सरकारने त्यांचा पासपोर्ट अडवून ठेवला होता. एन्क्रुमा स्वतः पेन्सिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात, काळ्यांच्या शाळेत शिकलेले. त्यांनी शिकलेल्या काळ्यांना साद घातली आणि माणसे येऊ लागली. त्रिनिदादचे जॉर्ज पॅडमोर त्यांचे सल्लागार झाले. समाजशास्त्रज्ञ सेंट क्लेअर ड्रेक विद्यापीठात शिकवू लागले. पॉली मरे ही वकीलबाई १९६० मध्ये संविधानाचा कायदा शिकवायला आली. कादंबरीकार ज्युलियन मेफील्ड १९६१ मध्ये पोलिसांचा ससेमिरा चुकवत आला. त्याच वर्षी ९३ वर्षांचे डुबॉइस 'एन्सायक्लोपीडिया आफ्रिकाना' सिद्ध करण्यासाठी पत्नी शर्ली ग्रॅहमसह आले. पुढच्या वर्षी माया अँजेलू आली. मुलगा मोटार अपघातात जबर जखमी झाला म्हणून ती थांबली आणि थांबता थांबता राहिली. दंतवैद्य, शिक्षक, प्लंबर अशी साधी माणसेही होती.

त्यांना काय मिळाले? पोलीस काळा, बँकेतला कारकून काळा, न्यायाधीश काळा, मंत्री काळा. दुकानात शिरताना मागे वळून पाहावे लागत नाही. आपल्या कातडीचा विचार न करता दिवस जातो. ज्याने जन्मभर पाणवठ्यावर, बसमध्ये, शाळेत स्वतःला चोरून वावरवले त्यालाच या साध्या दिवसाची किंमत कळते. ही प्राप्ती लहान समजू नये.

पण दुसरी बाजू झाकूनही चालणार नाही. यांतले बरेच जण राहिले ते गोऱ्या साहेबांसाठी वसवलेल्या भागांत. डुबॉइसना सरकारने कँटोन्मेंट्स भागात बंगला दिला, घरकामाला माणसे दिली. अमेरिकेत तळाशी असलेला माणूस आक्रात साहेबाच्या जागी बसत होता. आपल्याकडे फ्लॅटमध्ये गेलेला अधिकारी आणि झोपडपट्टीतला त्याचा चुलता यांच्यात जे अंतर पडते, ते तिथेही पडले.

आणखी खोल गाठ रक्ताच्या नात्याची होती. ही माणसे घरी परतल्याच्या भावनेने आली. पण घानात नाते कातडीने ठरत नाही. ते कुळाने ठरते, अकान लोकांत तर आईच्या कुळाने. ज्याला आपले कुळ सांगता येत नाही तो पाहुणा. रिचर्ड राइट १९५३ सालीच इथे येऊन गेला होता आणि आपण इथे परकेच आहोत असे लिहून मोकळा झाला होता. अकान लोकांत असा दंडक आहे की कुणी कुणाचे मूळ उघड करू नये. कारण तिथेही गुलामी होती. गुलामांची मुले मालकांच्या कुळात मिसळली, आणि त्यांचे मूळ काढले तर घर फुटते. आपल्याकडे आडनाव विचारून जात शोधतात. तिथे मूळ विचारणेच निषिद्ध. त्या मौनाने गुलामाच्या वंशजाला संरक्षण दिले हे खरे. पण समुद्रापार विकल्या गेलेल्यांबद्दल जो विचारायला आला, त्याच्यासमोरही तेच मौन उभे राहिले.

राजकारणाचा पेच याहून कठीण. १९५८ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याने खटल्याशिवाय पाच वर्षे तुरुंगात ठेवता येत असे. विरोधी नेते डॉ. जे. बी. दान्क्वा १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. पॉली मरे संविधान शिकवत होती आणि बाहेर संविधानाचा अर्थ आटत होता. ती १९६१ मध्ये निघून गेली. बाकीचे बहुतेक गप्प राहिले. त्यांची अडचण समजते. एन्क्रुमाविरुद्ध लिहिलेली ओळ वॉशिंग्टनच्या उपयोगी पडणार हे त्यांना ठाऊक होते. तरीही अटकेच्या भीतीने देश सोडलेल्या माणसांनी शेजारच्या अटका पाहून न पाहिल्यासारखे केले, ही नोंद इतिहासाने ठेवलीच पाहिजे. बरे, एन्क्रुमांचे सरकारही अमेरिकेपासून मोकळे नव्हते. व्होल्टा नदीवरच्या धरणाला अमेरिकन कर्ज हवे होते, वीज घेणारा ॲल्युमिनियमचा कारखानाही अमेरिकन भांडवलाचा. त्यामुळे काळा अमेरिकन कधी भाऊ, कधी हेर ठरे.

ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनचा मोर्चा ठरला तेव्हा आक्रातल्या या मंडळींनी अमेरिकन वकिलातीवर आपला मोर्चा नेला. त्याच सुमारास, २७ ऑगस्टच्या रात्री डुबॉइस वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या व्यासपीठावरून ती बातमी सांगितली गेली. वकिलातीसमोर ध्वज चढवायला दोन सैनिक आले, त्यांतला एक काळा. जमावाने त्याची टर उडवली. अँजेलूने पुढे प्रामाणिकपणे लिहिले आहे, की तो ध्वज आपलाही होता ही टोचणी मनातून गेली नाही. डुबॉइसना सरकारी इतमामात किल्ल्याच्या भिंतीजवळ पुरले. (१९८० च्या दशकात त्यांचे अवशेष त्यांच्या घराच्या आवारात हलवले, तिथे आता स्मारक आहे.)

मे १९६४ मध्ये माल्कम एक्स आले, विद्यापीठात बोलले, एन्क्रुमांना भेटले. त्यांच्या संघटनेच्या कामासाठी अँजेलू १९६५ मध्ये अमेरिकेला परतली आणि काही दिवसांतच, २१ फेब्रुवारीला, माल्कम यांचा खून झाला. मग २४ फेब्रुवारी १९६६. एन्क्रुमा हनोईच्या वाटेवर असताना सैन्याने सत्ता घेतली. कटाची कुणकुण वॉशिंग्टनला आधीपासून होती, हे अमेरिकेने नंतर खुल्या केलेल्या कागदांतून दिसते. घाना टेलिव्हिजनच्या प्रमुख असलेल्या शर्ली ग्रॅहमना देश सोडावा लागला. इतरही पांगले.

नऊ वर्षांचा डाव इतका झटक्यात का मोडला? परकीय कारस्थान एवढेच उत्तर देऊन थांबणे सोयीचे आहे. माझ्या मते ही माणसे नेत्याच्या कचेरीशी बांधलेली होती. बाजारातल्या बायकांशी, कोकोच्या शेतकऱ्याशी, टेमाच्या गोदी कामगाराशी त्यांची गाठ कधी पडली नाही. कचेरी गेली, माणसे गेली. आणि राहिला कोण? साउथ कॅरोलिनाहून आलेला दंतवैद्य रॉबर्ट ली. त्याचे काम आक्राच्या लोकांचे दात पाहण्याचे होते. सरकारे आली-गेली, तो २०१० मध्ये मरेपर्यंत आक्रातच राहिला.

साद घालणे मात्र थांबले नाही. २००० सालच्या कायद्याने परदेशस्थ आफ्रिकी वंशजांना घानात कायम राहण्याचा हक्क मिळण्याची सोय झाली. २०१९ हे 'परतीचे वर्ष' म्हणून साजरे झाले आणि त्या नोव्हेंबरात १२६ जणांना नागरिकत्व दिले गेले. केप कोस्टजवळ आसेबू येथे पारंपरिक प्रमुखाने परतणाऱ्यांच्या वसाहतीसाठी मोठी जमीन देऊ केली. त्या जमिनीवर शेते होती. ती कसणारी कुटुंबे आता विचारताहेत, की आमची जमीन आम्हाला न विचारता दिली कुणी?