मुलांना पत्र पाठवावे काय?

आपली ही व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि याच दिवसांत पुष्कळांची मुले सुट्टीतल्या शिबिरांना जातात. निघताना काही चालक बजावतात की, पत्र पाठवू नका, फोन करू नका. घरची आठवण निघाली की मूल रडते आणि मग दोन दिवस कशात रमत नाही. परवा आमच्या युनियनच्या कचेरीत एका सभासदाने विचारले, "भाऊ, खरेच पाठवू नये का?" प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण एका देशापुढे तो एकदा लाखो मुलांच्या बाबतीत उभा राहिला होता.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले. त्याच दिवशी इंग्लंडने लंडन व इतर मोठ्या शहरांतली मुले बॉम्बच्या भयाने खेड्यांकडे हलवण्यास प्रारंभ केला. तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसे हलली. त्यांत आईबापांवाचून, शिक्षकांबरोबर गेलेली शाळकरी मुले सव्वाआठ लाखांवर होती. अंगावर नावाची चिठ्ठी, खांद्याला विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा. गाडी कोठे जाणार, हे बहुतेक आईबापांना ठाऊक नव्हते. म्हणून मुलांजवळ तिकीट लावलेले एक पोस्टकार्ड दिलेले असे. ज्या घरी आसरा मिळेल तेथला पत्ता लिहून ते घरी धाडायचे. ते येईपर्यंत गोदी कामगाराच्या बायकोला आपले मूल कोणत्या परगण्यात आहे, याचाही पत्ता नसे. आगगाड्यांचा हिशेब सरकारने चोख ठेवला होता. आईच्या जिवाचा हिशेब मात्र त्या एका कार्डावर सोपवला, असे मला वाटते.

यजमानिणींची गाऱ्हाणी लवकरच सुरू झाली. घरचे पत्र आले किंवा रविवारी आई येऊन गेली की मूल बिथरते, अंथरूण ओले करते. यात खोटे काही नव्हते. एका मुलामागे त्या बायकांना आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळत. मुले अधिक असली तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स. तेवढ्यात परक्याचे मूल सांभाळणे सोपे नव्हे. पण पत्राने रडे उत्पन्न होते, की आत साचलेले रडे पत्राने बाहेर येते?

येथे थोडे घरचे सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही दिवसांनी वडिलांनी मला कोकणात आजीकडे पाठवले. मी बारा वर्षांचा होतो. वडिलांचे पहिले कार्ड आले तेव्हा मी जेवलो नाही. त्यानंतर कार्डे आलीच नाहीत. वडील मला विसरले, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली. आजी वारल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत अकरा कार्डे निघाली. अक्षर चाळीतल्या शेजाऱ्याचे, मजकूर वडिलांचा. तिसऱ्या कार्डात विचारले होते, "उत्तर का देत नाहीस?" पाचव्यापासून तो प्रश्न नाही. आजीने हे केले ते मायेपोटीच.

इंग्लंडात जानेवारी १९४० पर्यंत गेलेल्यांपैकी सुमारे ९ लाख माणसे परत आली. त्याचा दोष एकट्या पत्रांवर किंवा भेटींवर घालता येत नाही. मुख्य म्हणजे बॉम्ब पडतच नव्हते. शिवाय ऑक्टोबरच्या अखेरीपासून ऐपतीप्रमाणे आठवड्याला दर मुलामागे ६ शिलिंगपर्यंत रक्कम पालकांकडून घेऊ लागले. हा सारा इतिहास रिचर्ड टिटमस यांनी १९५० साली ग्रंथरूपाने मांडला. विद्यापीठाची पदवी नसलेला हा गृहस्थ पुढे लंडनमध्ये प्राध्यापक झाला, हे आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

टॉटनहॅम व इझलिंग्टन या लंडनच्या भागांतून केंब्रिजला गेलेल्या मुलांची पाहणी सुसान आयझॅक्स यांनी १९४१ साली प्रसिद्ध केली. तुम्हांला येथे काय आवडते आणि कशाची उणीव भासते, एवढेच मुलांना लिहायला सांगितले होते. उणीव भासे ती मुख्यतः घरच्या माणसांची. त्याच साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लहान मुलांसाठी निवासी संगोपनगृहे चालवली. तेथे आईबापांनी केव्हाही यावे, अशी मोकळीक होती. आई परतताना मूल रडे. म्हणून भेटी बंद करण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. आई मनातून पुसली जाणे त्यांना रडण्यापेक्षा अधिक घातक वाटले. आमच्या आजीला हे कोण सांगणार?

मात्र पत्र धाडणेही गरिबाला स्वस्त राहिले नाही. १ मे १९४० पासून इंग्लंडात पत्राचे टपाल दीड पेनीवरून अडीच पेन्स झाले आणि कार्डाचे एका पेनीवरून दोन. मुलांना परत आणू नका, असे आयांना भित्तिपत्रकांतून विनवणारेही तेच सरकार होते!

त्या सभासदाला मी म्हटले, पाठवा. मांजरीला पिल्ले झाली असतील तर ते लिहा, नळाला पाणी केव्हा येते ते लिहा. फक्त 'तुझ्यावाचून घर खायला उठते' एवढे लिहू नका. ते ओझे मुलाच्या डोक्यावर नको. आणि कार्ड मुलाच्याच हाती पडले की नाही, हे चालकांना विचारून घ्या.