कुटारावरची धिंगरी

धिंगरी अळंबीची तयार पिशवी आता घरी आणता येते. आत गव्हाचे किंवा सोयाबीनचे कुटार असते आणि त्यात बुरशीचे पांढरे धागे पसरलेले असतात. पिशवी टांगायची, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचे, की काही दिवसांत छत्र्या उमलतात. हे इतके सोपे असेल, तर वऱ्हाडात आपले आजी-आजोबा ती का पिकवत नव्हते? गव्हाचे कुटार तर तेव्हाही होते. विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

पहिली अडचण बियाण्याची. बुरशीला बी नसते. असतात ते डोळ्यांना न दिसणारे बीजाणू. ओल्या कुटारावर ते टाकले, तर इतर बुरशा आधी वाढतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या आसपासचे माळी घोड्याच्या लिदीवर बटन अळंबी घेत. तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०७ साली या पद्धतीचे वर्णन केले. पण जुन्या वाफ्याचा तुकडा नव्या वाफ्यात लावायचा, तर त्याबरोबर कीड-रोगही यायचे. १८९०च्या दशकात कॉस्तांतँ आणि मात्रुशो यांनी निर्जंतुक माध्यमावर शुद्ध बियाणे तयार केले. १९३२च्या सुमारास अमेरिकेत सिंडेन यांनी ते उकडलेल्या धान्यावर वाढवले. आज पिशवीत घालतात ते 'बियाणे' म्हणजे असेच बुरशीने माखलेले गव्हाचे किंवा ज्वारीचे दाणे.

दुसरी अडचण हवामानाची. भारतात १९६१ साली सोलन येथे बटन अळंबीचे संघटित काम सुरू झाले, ते हिमाचलातच. कारण या अळंबीला छत्री धरताना १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. मे महिन्यातला अकोला तिला कसा मानवणार? शिवाय तिला नीट कुजवलेले खत लागते.

धिंगरीने या दोन्ही अटी सैल केल्या. मूळची ही लाकडावर वाढणारी बुरशी. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन ती स्वतःच्या विकरांनी तोडते, म्हणून तिला न कुजवलेले कुटारही चालते. जर्मनीत फाल्क यांनी १९१७ साली ती झाडांच्या खुंटांवर वाढवली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर तिची लागवड केली. १९७४ साली जांडाईक आणि कपूर यांनी उष्णता सोसणाऱ्या जातीची पद्धत मांडली. २० ते ३० अंश तापमान आणि हवेत भरपूर ओलावा, एवढे मिळाले की ती येते. म्हणजे वऱ्हाडात पावसाळा आणि हिवाळा तिचे.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. कृषी विद्यापीठांतून अळंबीचे काम बहुधा वनस्पतिरोगशास्त्राकडे असते. पिकावरची बुरशी मारायला शिकवणारेच इथे बुरशी जगवायला शिकवतात! ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी शेतकरी बीजप्रक्रियेसाठी मुद्दाम वापरतो. अळंबीच्या पिशवीत मात्र तीच शत्रू ठरते.

धिंगरीबद्दल मोठमोठे दावे केले जातात, तेव्हा आकडे पाहावेत. एक किलो कोरड्या कुटारातून साधारण अर्धा ते एक किलो ताजी अळंबी मिळते. त्यात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि शंभर ग्रॅममागे प्रथिने सुमारे तीन ग्रॅम. एवढ्याने कुपोषण हटत नाही, आणि अळंबी दोन-तीन दिवसांत खराब होत असल्याने जवळ बाजार नसेल तर शेतकऱ्याचे कर्जही फिटत नाही. कुटार घरचे असले, तरी बियाणे प्रयोगशाळेतूनच आणावे लागते. घरच्या जेवणात भर म्हणून, आणि शिकण्यासाठी, पिशवी उत्तम. बीजाणूंमुळे काहींना दम्यासारखा त्रास होतो, म्हणून ती झोपायच्या खोलीत टांगू नये.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एका बरणीत तासभर ८० अंशांच्या पाण्यात ठेवून निथळलेले कुटार घ्यावे, दुसरीत नुसते भिजवलेले. दोन्हींत सारखेच बियाणे मिसळावे, तोंडाला कापूस लावावा आणि दोन आठवडे रोज नोंद ठेवावी. हिरवी-काळी झालेली बरणी वर्गात उघडू नये. कोणती बरणी पांढरी राहिली, हे पाहिल्यावर तूर्नफोरच्या काळातल्या माळ्यांची अडचण विद्यार्थ्यांना वेगळी सांगावी लागणार नाही.