पुराना पूल : भागमतीचा की व्यापाऱ्यांचा?

गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना चारमिनार दाखवतो, सालारजंग दाखवतो आणि मुसी ओलांडताना सांगून टाकतो, "हा पुराना पूल. भागमतीला भेटायला शहजाद्याने पुरात घोडा घातला, म्हणून बापाने बांधला." आमचे मूळ गाव आळंद तालुक्यातले मादन हिप्परगा. 1956 पर्यंत तो भाग हैदराबादकडेच, त्यामुळे कोर्टकचेरी असो की कॉलेज, वाट याच शहराची. आमच्या घरात ही गोष्ट आजोबांपासून चालत आली आणि मीही ती बरीच वर्षे बिनदिक्कत सांगत आलो.

अडचण तारखांची आहे. पूल 1578 चा, इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीतला. शहजादा मुहम्मद कुली जन्मला 1565 च्या सुमारास, म्हणजे तेव्हा तो जेमतेम 12-13 वर्षांचा! हैदराबाद शहर वसले 1591 मध्ये. गोष्ट गोड आहे, पण तेवढ्या वयाच्या पोराच्या प्रेमासाठी कुठला बाप 22 कमानी उभारील?

खरे कारण पलीकडच्या कारवान वस्तीत सापडते. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांचे व्यापारी, दलाल, सराफ तिथे राहत. माल मच्छलीपट्टणच्या बंदराकडे जायचा, आणि गोवळकोंडा नदीच्या उत्तरेला असल्याने मुसी ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. पावसाळ्यात नदी चढली की तांडे काठावर अडकणार. पूल झाला आणि पलीकडचा काठ वसण्याजोगा झाला. चारमिनार तेरा वर्षांनी आला. शहरासाठी पूल बांधतात असे आपण समजतो, इथे आधी पूल आणि मग शहर.

त्याची लांबी सुमारे 600 फूट, रुंदी 35 फूट. कमानी टोकदार, इराणी वळणाच्या. कुतुबशाही घराण्याचा मूळपुरुष सुलतान कुली इराणातल्या हमदानकडचा आणि दरबाराची भाषा फारसी, तेव्हा नवल नाही. मात्र ही कमान दख्खनला नवी नव्हती. आपल्या कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामा मशीद 1367 ची, आणि ती बांधणारा रफी हा इराणातल्या कझवीनचा. तिथल्या बुटक्या खांबांवरून निघालेल्या रुंद कमानी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा पूल ओळखीचा वाटेल. कल्पना तिकडची, दगड, चुना आणि राबणारे हात इथले.

कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात. वरून भार जितका पडेल तितके ते घट्ट बसतात. प्रत्येक कमान शेजारणीला बाजूने रेटते, म्हणून मधले खांब जाडजूड ठेवावे लागतात. प्रवाहाकडून त्यांना निमुळती टोके काढली आहेत, म्हणजे पाणी अंगावर न आदळता दोहों बाजूंनी फाटून जाते.

इस्फहानचा 33 कमानींचा सी-ओ-से पूल जगभर नावाजलेला. त्याचे काम 1602 मध्ये पुरे झाले, म्हणजे आपला पूल त्याच्याहून वीसेक वर्षांनी वडील. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने याची तुलना पॅरिसच्या पाँ नफशी केली होती. गंमत अशी की त्या पुलाचे कामही 1578 मध्येच सुरू झाले! पॅरिसवाले आपल्या पुलाची कशी निगा राखतात, हे इथे न लिहिलेलेच बरे.

1820 च्या पुरात आपल्या पुलाला इजा झाली, ती सिकंदरजहाच्या काळात दुरुस्त झाली. नंतर 28 सप्टेंबर 1908 चा तो महापूर आला. हजारो माणसे गेली, काठावरचे मोहल्ले वाहून गेले. पण हा पूल उभा राहिला. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर झाले.

आता गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात. जुन्यावर भाजीवाले बसतात. गेल्या महिन्यात तिथे मेथीची जुडी घेताना मी भाजीवालीला विचारले, "हा पूल कुणी बांधला, ठाऊक आहे का?" ती म्हणाली, "भागमतीसाठी बांधला ना, साहेब." मी सुटे पैसे घेतले आणि कठड्यावरून खाली खांबांची टोके दिसतात का ते बघत राहिलो.