व्हिटमन शाळा (सदृशीकरण)

व्हिटमन शाळा ही अमेरिकेत मुख्याध्यापकांच्या अभ्यासासाठी व प्रशिक्षणासाठी रचलेली काल्पनिक प्राथमिक शाळा होय. शालेय प्रशासनाच्या क्षेत्रातील सदृशीकरणाच्या, म्हणजेच सिम्युलेशनच्या, आरंभीच्या मोठ्या प्रयोगांत तिची गणना होते. जॉन हेम्फिल, डॅनियल ग्रिफिथ्स व नॉर्मन फ्रेडरिकसन यांनी तिच्यावर आधारलेले संशोधन १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

पार्श्वभूमी

वैमानिकाला उड्डाणापूर्वी जमिनीवरील यंत्रात सराव करता येतो; मुख्याध्यापकाला तशी सोय नव्हती. त्याच्या चुकांचे परिणाम थेट विद्यार्थी व शिक्षक यांना भोगावे लागत. शिवाय प्रत्येक शाळेची परिस्थिती वेगळी असल्याने दोन मुख्याध्यापकांच्या कामाची तुलना न्याय्य ठरत नसे. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत फ्रेडरिकसन यांनी १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी ‘इन-बास्केट’ ही कसोटी विकसित केली होती. टेबलावर साचलेल्या टपालाचा निपटारा उमेदवार कसा करतो, हे तीत पाहिले जाई. हीच पद्धत पुढे शाळेसाठी वापरण्यात आली.

स्वरूप

चित्रफिती, ध्वनिमुद्रणे व कागदपत्रे यांच्या साहाय्याने सहभागी व्यक्तींना शाळा, तेथील शिक्षक आणि परिसर यांची ओळख करून दिली जाई. त्यानंतर प्रत्येकाने मॅरियन स्मिथ या नव्या मुख्याध्यापकाची भूमिका घ्यावयाची असे. हे नाव स्त्री-पुरुष दोघांनाही चालणारे होते. समोर पालकांच्या तक्रारी, शिक्षकांच्या चिठ्ठ्या व वरिष्ठांची पत्रे येत. काय करावे हे नुसते सांगून भागत नसे. उत्तराचे पत्र किंवा बैठकीची सूचना प्रत्यक्ष लिहावी लागे. मूळ अभ्यासात २३२ मुख्याध्यापकांनी भाग घेतला.

निष्कर्ष

काही मुख्याध्यापक निर्णयापूर्वी माहिती मिळवून सल्लामसलत करीत, तर काही तत्काळ निकाल देत. स्त्री मुख्याध्यापक सहकाऱ्यांना कामात अधिक सहभागी करून घेतात, असेही आढळले. या पदासाठी पुरुषांनाच प्राधान्य देण्याच्या प्रथेला या अभ्यासाने आधार दिला नाही.

प्रसार व मर्यादा

युनिव्हर्सिटी कौन्सिल फॉर एज्युकेशनल ॲडमिनिस्ट्रेशन या संस्थेने हे साहित्य विद्यापीठांतील अध्यापनासाठी उपलब्ध करून दिले. एकाच पत्राला आलेली भिन्न उत्तरे वर्गात तुलनेसाठी वापरता येत. मात्र, लिहिलेल्या उत्तराचे पुढे काय झाले, हे कागदी टपालातून कळत नाही. संतप्त पालकाशी समोरासमोर बोलण्याची कसोटीही त्यात लागत नाही. या उणिवांमुळे भूमिकाभिनय व संगणकीय सदृशीकरण यांची जोड पुढे महत्त्वाची ठरली.