बूलियन

‘बूलियन’ हा शब्द जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या आडनावावरून आला. १८५४ च्या ग्रंथात त्याने तर्काला १ आणि ० च्या बीजगणितात बसवले. व्यापारी कामाच्या संगणकीय भाषांनी मात्र खरे-खोटे मांडताना वेगळी वाट धरली: कोबोलने ८८ क्रमांकाच्या पातळीवर अटींना नावे दिली, तर एसएपीच्या अबॅपमध्ये आजही ‘खरे’ म्हणजे ‘एक्स’ हे अक्षर आणि ‘खोटे’ म्हणजे रिकामी जागा. सरावलेल्याला एवढे पुरते, असे म्हणतात. मला ते पटत नाही. समजा, दारव्ह्यात हमीभावाने कापूस खरेदी करताना ‘ओलावा १२ टक्क्यांच्या आत’ हा रकाना रिकामा राहिला. ओलावा जास्त निघाला, की तो मोजलाच नाही? न मोजता माल परत जाणे हा शेतकऱ्यावर सरळ अन्याय आहे. अबॅपमध्येच ‘अनिश्चित’साठी आडव्या रेघेचा वेगळा स्थिरांक आहे; तपासणीच्या फंक्शनने अशा वेळी तोच परत करावा.